पिवळ्या दिव्याची वही

गाडी बिघडली तर तिनं सरळ बंद पडावं, असं माझं जुनं मत आहे. बंद पडलेल्या गाडीशी माझं कधी भांडण झालं नाही. तिच्यात कुठंतरी काहीतरी तुटलेलं किंवा जळलेलं असतं, आणि टेस्ट लॅम्प लावत गेलं की ते सापडतं. पण जी गाडी मनाला येईल तेव्हा बिघडते आणि मनाला येईल तेव्हा सुधारते, तिच्यापुढं मी हात टेकतो. औशात मी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलं. अशी गाडी घेऊन गिऱ्हाईक आलं की मी त्याला सांगायचो, "आज फॉल्ट दाखवून न्हाई राहिली. दाखवंल तवा आण." ते गेलं की मी चहा प्यायला मोकळा. पुढं माझ्याच गाडीतला पिवळा दिवा लागायला आणि विझायला लागला, तेव्हा मला असं म्हणून सुटायची सोय राहिली नाही, कारण आम्ही त्या गाडीत राहत होतो.

गाडीत राहत होतो म्हणजे कुठं फिरायला निघालो नव्हतो. त्याचं कारण वीस वर्षांपूर्वीचं होतं.

आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं असेल, तेव्हा भूकंप झाला. माझी बायको माहेरी गेली होती. माहेर औसा तालुक्यातलंच, दगडी भिंतींचं आणि वर मातीचं माळवद असलेलं घर. ती पहाटे तहान लागली म्हणून उठून अंगणात रांजणापाशी गेली होती, एवढंच तिनं मला सांगितलं. आत तिची धाकटी बहीण झोपली होती. बाहेर होती ती वाचली, आत होती ती गेली. पुढं ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. न विचारणं म्हणजेच काळजी घेणं, अशी माझी समजूत होती.

त्यानंतर ती कुठल्याही भिंतीच्या आत झोपली नाही. सुरुवातीला तिचं कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण तेव्हा सगळेच पत्र्याच्या शेडात नाहीतर झाडाखाली झोपायचे. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला, लोक एकेक करून घरात परतले. आमच्या अंगणातलं शेड मात्र राहिलं. आमची मुलगी त्याच शेडात जन्मली, तिथंच रांगली आणि तिथंच बसून दहावीचा अभ्यास केला. मी तापट माणूस. वर्षातून दोन-तीनदा माझा तोल जायचाच. "अगं, सगळं गाव घरात झोपतंय," मी ओरडायचो. ती शांतपणे म्हणायची, "झोपू द्या की."

मुलीला दहावीत चांगले मार्क पडले. आमच्याकडं त्या काळात दहावीत चांगले मार्क पडले म्हणजे लातूर, हे ठरलेलंच होतं. जयभीमनगरातल्या आमच्या नातलगांपासून बाजारातल्या आडत्यापर्यंत प्रत्येक जण मला क्लासचे पत्ते सांगायला लागला. लातुरात जाऊन पाहिलं तर रिकाम्या जागा सापडेनात. जिकडंतिकडं चार-चार मजल्यांची वसतिगृहं उभी राहात होती, खिडक्या-खिडक्यांत पोरींचे ओले कपडे आणि खाली मेसच्या डब्यांचा ढीग. मुलीला एकटीला तिसऱ्या मजल्यावर झोपू द्यायला बायको तयार नव्हती. सोबत राहायला गेली तर पहिल्याच जिन्यापाशी तिचे पाय अडकले. तिला दरदरून घाम फुटला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, राहू द्या. मी औशातच आर्ट्स घेते." त्या दिवशी मला दोघींचाही राग आला आणि दोघींचीही कीव आली.

मग मी गाडी केली. शाळेची पोरं वाहणारी एक जुनी डिझेलची मिनीबस लिलावात घेतली, आतले बाक उपटून काढले आणि तीन महिने सुताराचं काम केलं. मागं मुलीचं अंथरूण आणि वरती पुस्तकांची फळी, मधे गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी, पुढं बायकोचं अंथरूण. मी उन्हाळ्या-हिवाळ्यात बाहेर खाटेवर झोपायचो आणि फक्त पावसात दोघींच्या मधल्या जागेत अंग चोरून. या गाडीचं इंजिन आतच असतं, ड्रायव्हरच्या शेजारी मोठ्या झाकणाखाली. ते झाकण बायकोच्या उशाशी येत होतं. त्याच्यावर मी स्क्रू मारून एक फळी बसवली. रात्री तहान लागते म्हणून ती उशाशी पाण्याचा भरलेला पेला ठेवायची, तो घसरून पडू नये म्हणून फळीच्या चारी बाजूंना बोटभर उंचीची पट्टीही मारली. माझ्या त्या पट्टीचं मला फार कौतुक होतं.

पहिल्या रात्रीनंतर मी तिला सकाळी विचारलं, झोप लागली का. ती म्हणाली, "लई छान लागली. गाडीला काय, पडायला भिंतच न्हाई." त्या एका वाक्यावर मी पुढची तीन वर्षं जगलो. माणसं ताजमहालाच्या गोष्टी सांगतात, मी दुकानावर आलेल्या प्रत्येकाला माझ्या मिनीबसची सांगायचो.

गाडी उभी करायचा तिचा एक नियम होता. शेजारची इमारत जेवढी उंच, तिच्या दीडपट अंतर सोडायचं. ती इमारतीकडं मान वर करून बघायची, मग पावलं मोजत चालायची आणि जिथं थांबेल तिथं मी गाडी लावायची. लातुरात रिकामे प्लॉट भराभर भरत होते. आज मोकळं मैदान दिसलं तर दोन महिन्यांत तिथं पायाचे खड्डे आणि सहा महिन्यांत वसतिगृह. आम्ही दोन वर्षांत सहा जागा बदलल्या. म्हणून गाडी चालती असणं आम्हाला छपरापेक्षाही गरजेचं होतं. गाडी थांबली तर बायकोची झोप थांबणार, हे मला पक्कं माहीत होतं.

बारावीला मुलीचे मार्क चांगले आले, पण डॉक्टरीच्या प्रवेशाला थोडे कमी पडले. एक वर्ष पुन्हा द्यायचं ठरलं आणि त्यासाठी नांदेडचा एक क्लास ठरला. मी औशातलं दुकान बंद केलं आणि गाडी नांदेडला नेली. शहराबाहेर हायवेच्या कडेला ओळखीतून एक पडीक शेत मिळालं. चारी बाजूंना उंच असं बांधकाम काहीच नव्हतं. बायकोनं पावलंसुद्धा मोजली नाहीत. रोज सकाळी मी त्याच गाडीतून मुलीला गोदावरीच्या पुलावरून क्लासला सोडायचो, दिवसभर जवळच्या गॅरेजांत मिळेल ते वायरिंगचं काम करायचो आणि संध्याकाळी दोघं परत यायचो. बायको दिवसभर शेताच्या कडेला लिंबाखाली बसायची. तिला त्याचा कंटाळा नव्हता.

दिवाळी झाली आणि तिथंच तो पिवळा दिवा लागायला सुरुवात झाली. एके सकाळी गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डावर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला आणि गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी गाडी बैलगाडीच्या पुढं जाईना. मागून हॉर्न, शिव्या. दुपारी पाहिलं तर दिवा गेलेला आणि गाडी पळायला तयार. पुढचे चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मी माझ्या कामात हुशार समजला जायचो. डिझेलचा फिल्टर बदलला. बॅटरीची टोकं घासली. अर्थिंगच्या नव्या वायरी ओढल्या, एकाच्या जागी तीन. झाकण उघडून खालचे कप्लर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे सांधे, एकेक करून सोडवून पाहिले. सगळे कोरडे. एका मोठ्या कप्लरवर थोडी पांढरी पूड होती, ती मी फुंकर मारून उडवली आणि फडक्यानं पुसली. आमच्या भागात पांढरी पूड कशावर नसते? दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही आणि मी मिशीवर ताव दिला. तिसऱ्या दिवशी लागला.

मग नांदेडमधल्या एका उस्तादाकडं गेलो. म्हातारे, पांढरी दाढी, बापजाद्यांपासून इंजिनकाम करणारे. त्यांच्याकडं गाडीशी जोडलं की बिघाडाचा कोड दाखवणारं स्कॅनर मशीन होतं. त्यांनी दोन दिवस मशीन लावून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "क्या जी मिस्त्री, कल एक कोड दिखाया, आज दुसराच दिखा रहा. तुमची गाडी लई झूठ बोलती." त्यांनी सांगितला तो सेन्सर बदलला. चार दिवसांनी दुसराच कोड आला, म्हणून तोही सेन्सर बदलला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे मला कळत होतं, पण म्हैस कुठली हे कळत नव्हतं.

उस्तादांकडं गाडी राहिली की बायकोला झोपायला जागा नसायची. दोन रात्री गाडी तिथं राहिली, तेव्हा ती गुरुद्वाऱ्याच्या मोकळ्या अंगणात मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिली. अठरा वर्षांची मुलगी. तिथं कुणी त्यांना का बसलात म्हणून विचारलं नाही, उलट दोघींना चहा आणून दिला. मी सकाळी गेलो तर बायकोच्या पायाला मुंग्या आलेल्या आणि मुलगी तिच्या मांडीवर पुस्तक धरून वाचत होती. "लौकर होईल का गाडी?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. मी तिच्यावर खेकसलो. चूक माझी असली की मी आधी खेकसतो.

पौषात तो दिवा आठवड्यातून चार वेळा लागायला लागला. थंडीनं असेल, असं धरून मी इंजिनावर गोणपाट टाकलं. डिझेल खराब असेल म्हणून दुसऱ्या पंपावर भरायला लागलो. मुलीला मी एक वही करायला सांगितली. ती गाडीत शेजारी बसायची, तेव्हा तारीख, दिवा कधी लागला, कधी विझला, थंडी किती, डिझेल कुठलं, रस्ता चढाचा की सपाट, हे सगळं तिनं लिहायचं. क्लासमध्ये तिला चुकलेले प्रश्न लाल पेनानं लिहून ठेवायची सवय लावली होती, त्यामुळे वही सुरेख झाली. फक्त त्यातून काहीच निघेना. थंडीत लागायचा आणि थंडी नसतानाही लागायचा. एवढं मात्र खरं, की तो सकाळी लागायचा आणि इंजिन तापलं की दुपारपर्यंत जायचा.

शेवटी मी ते केलं, जे मी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला करू दिलं नव्हतं. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. पुष्कळ मिस्त्री दिव्याचा बल्बच काढून टाकतात आणि फॉल्ट गेला म्हणून सांगतात. अशा मिस्त्र्यांना मी चारचौघांत चोर म्हटलं होतं. आता मीच चोर झालो. चार दिवस बरे गेले. गाडी हळू चालली तरी मी स्वतःला सांगायचो, रस्त्यावर गर्दी आहे.

पाचव्या दिवशी मुलीची मोठी चाचणी होती. पुलाच्या मधोमध गाडीनं एक गचका दिला आणि इंजिन बंद पडलं. मागं ट्रकची, रिक्षांची रांग लागली. लोक उतरून माझ्या खिडकीपाशी आले. मी चावी फिरवत होतो आणि इंजिन नुसतं घरघरत होतं. मुलगी दप्तर घेऊन उतरली आणि पुलाच्या कडेनं पळत सुटली. मी आरशात तिला लहान होताना पाहिलं. ती पोचली तेव्हा दार बंद झालं होतं.

त्या दिवशी शेतात परतल्यावर मी बायकोला नको ते बोललो. म्हणालो, "तुझ्या एका भीतीपायी पोरीचं वाटोळं होऊन राहिलं. विकतो ही गाडी भंगारात. चार भिंतींच्या खोलीत राहायचं. जग राहतंय, तू मेली न्हाईस." मग लक्षात आलं, की मी काय बोललो. तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही. "विका," ती म्हणाली. "माझी झोप काय, कुठं बी व्हईल." मी गाडीच्या मागं जाऊन चाकापाशी बसलो आणि रडलो. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं उभं केलं होतं, तीच मी माझ्या हातानं मोडायला निघालो होतो, आणि मला एका साध्या दिव्याचं कारण सापडत नव्हतं.

मुलगी तिथं आली. तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. "पप्पा, शेवटचा रकाना बघा. पानाची कड दुमडून ठेवली होती, तुमाला दाखवला नव्हता."

मी सांगितलेले सहा रकाने होते. सातवा तिनं स्वतःच आखला होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'आई'. त्यात काही ठिकाणी लाल बरोबरची खूण होती, काही ठिकाणी नव्हती.

"आईचा काय संबंध इंजिनाशी?" मी डाफरलो.

"मला बी म्हाईत न्हाई. पण बघा की."

मी बोट ठेवून खाली गेलो. ज्या सकाळी दिवा लागला होता, त्या प्रत्येक सकाळपुढं लाल खूण होती. ज्या सकाळी लागला नव्हता, तिथं नव्हती. एकदाही चुकलं नव्हतं. तीस वर्षांच्या धंद्यात एवढा स्वच्छ पुरावा माझ्या हाती आला नव्हता. "ही खूण कशाची?" मी विचारलं.

मुलीनं वही माझ्या मांडीवरून उचलून मिटली. मग म्हणाली, "आई रात्री दचकून उठती आणि माझा पाय धरती. घोट्यापाशी, घट्ट. बराच वेळ. मला जाग येती, पण मी झोपेचं सोंग घेते. ज्या रात्री धरला, त्या दिवसापुढं खूण केली. तिनं मला शपथ घातली हाय, पप्पांना सांगायचं न्हाई. पप्पांनी गाडी तिच्या झोपंसाठी केली म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीतली खूण झाली का, एवढंच मुलीला नजरेनं विचारलं. तिनं मान हलवून हो म्हटलं. मग मी आजवर जे कधीच केलं नव्हतं ते केलं. गाडी सुरू करायच्या आधी झाकण उघडलं. एरवी मी दिवा लागल्यावर गाडी थांबवून उघडायचो, तोवर इंजिनाच्या उष्णतेनं सगळं कोरडं झालेलं असायचं. आज तो मोठा कप्लर ओला होता. थेंब टपकत होता. मी वर पाहिलं. माझी फळी, माझी कौतुकाची पट्टी, आणि पट्टीच्या कोपऱ्यात मीच मारलेला स्क्रू. फळीवर सांडलेलं पाणी पट्टीमुळं बाहेर जाऊ शकत नव्हतं. ते स्क्रूच्या भोकातून खाली उतरत होतं आणि वायरींच्या सांध्यात जात होतं. दर वेळी ते वेगवेगळ्या पिनांना भिजवायचं, म्हणून कोड बदलायचे. ती पांढरी पूड म्हणजे त्याच पाण्याचा क्षार होता, आणि मी तो पुसून टाकत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत मी सगळं नांदेड पालथं घातलं होतं.

झाकण उघडायच्या आधी फळीवरचा पेला मी उचलून बाजूला ठेवला होता. तिनं घाईघाईत फळी पुसली होती, तरी कोपरा ओला होता. तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. प्यायचं पाणी कुणी असं काठोकाठ भरून ठेवतं का? उचलतानाच सांडेल. तीन वर्षं तो पेला माझ्या डोळ्यांसमोर होता.

मुलीला रिक्षानं क्लासला पाठवलं. मग मी बायकोला विचारलं. खेकसलो नाही.

"हा पेला कशाला?"

तिनं पदराला हात पुसले. मग लिंबाकडं बघत बोलली. "जमीन हलायच्या आधी पाणी हलतंय. काठोकाठ असलं तर माझ्या हातावर सांडतंय. मी हात पेल्याला लावूनच पडते. सांडलं की उठते आणि पोरीचा पाय धरते. वढून काढायला."

"पण इथं काय हलतंय?"

"उसाचे ट्रक," ती म्हणाली. "रात्री हायवेवरून भरलेले जातेत. मला बी कळतंय ट्रक हाय म्हणून. पण धरल्यावर कळतंय."

साखर कारखाने दिवाळीनंतर सुरू होतात. दिवाही दिवाळीनंतरच लागायला लागला होता. लातुरात आमच्या जागा हायवेपासून लांब होत्या. सगळं जिथल्या तिथं बसलं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. शेडात बी होताच की पेला." मग तिनं वीस वर्षांत न सांगितलेलं सांगितलं. "त्या पहाटे रांजणातून पेला भरला आणि पीतपीत उंबऱ्यापाशी आले. पेल्यातलं पाणी हललं. मला वाटलं, माझाच हात थरथरून राहिला. मी उभी राहून त्या पाण्याकडं बघत बसले. बहिणीचे पाय उंबऱ्याकडंच होते. हात घातला असता तर पाय हाताला लागला असता."

लिंबाची पानं हलली तरी आम्ही दोघांनी त्या दिशेला पाहिलं.

"मग छान झोप लागते म्हणून मला का सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी तीन महिने रंधा मारला. हाताला फोड आलते." ती माझ्या हातांकडं बघून म्हणाली. "त्या हातांना काय सांगू, झोप न्हाई लागत म्हणून?"

कप्लर बदलायला मला पाव तास लागला. स्क्रूचं भोक पुट्टीनं बुजवलं, पट्टी उपटून काढली आणि काळी चिकटपट्टी खरवडून टाकली. गाडी सुरू केली. दिवा लागला नाही, आणि पुढं कधीच लागला नाही. मुलीचं वर्ष वाया गेलं नाही, ती आज पेशंट तपासते आणि मला साखर कमी खा म्हणून रागावते. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी मी काम आवरलं, पेला धुतला आणि टाकीतून काठोकाठ भरला. बायको बघत होती. मी फेकून देतो की काय, असं तिला वाटलं असावं. मी तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी बसलो आणि पेला माझ्या गुडघ्यावर धरला.

"पड तू," मी म्हणालो. "पाण्याकडं मी बघतो."

"दिवसाढवळ्या? लोक काय म्हणतील?"

"पड म्हणतो ना."

"आणि हललं तर?"

"हललं तर वढून काढीन." मी दुसऱ्या हातानं तिचा घोटा धरला. तिनं झटका देऊन पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला. नवऱ्यानं पाय धरायचा नसतो, असं काहीतरी पुटपुटली. मी सोडला नाही. तू पोरीचा धरतेस तसाच धरलाय, असं म्हटल्यावर तिनं ओढणं थांबवलं. बराच वेळ ती उघड्या डोळ्यांनी पेल्याकडं बघत राहिली. पायाची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. मग शीर हळूहळू संथ झाली.

उसाचा एक ट्रक हायवेवरून गेला. पेल्यातलं पाणी काठावर थरथरलं आणि माझ्या मांडीवर सांडलं. मी हळूच म्हणालो, "ट्रक हाय." तिनं ऐकलं नाही. ती झोपलेली होती.